अजिंठा-वेरूळच्या अलीकडचे शहर

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पर्यटकाचा सगळा दौरा या दोन सुट्ट्या चुकवून आखला जातो. सकाळी रेल्वेने उतरायचे, हॉटेलवर सामान टाकायचे, एक दिवस दौलताबाद-खुलताबाद-वेरूळला द्यायचा आणि एक अजिंठ्याला. परतीच्या गाडीला दोन-तीन तास उरलेच, तर रिक्षा करून बीबी का मकबरा आणि पाणचक्की बघून घ्यायची. जगभरातून माणसे इथे येतात, इथे मुक्काम करतात, इथल्या हॉटेलात जेवतात. शहराच्या वाट्याला मात्र हे उरलेले तास येतात.

यात पर्यटकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले नाही, त्याला आधी तिथेच पाठवायला हवे. 1983 साली अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि एकाच जिल्ह्यात अशी दोन स्थळे असण्याचे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. पण या भाग्याची एक किंमत शहराने मोजली आहे. सुमारे शंभर किलोमीटरवरचे अजिंठा आणि तीस किलोमीटरवरचे वेरूळ यांच्या मध्ये एक चारशे वर्षांचे शहर उभे आहे, त्याला स्वतःची लेणी आहेत, स्वतःचे पाणी आणण्याचे शास्त्र आहे, हे पाहुण्यांना कोणी नीट सांगितलेच नाही. पुढच्या पानांत हे शहर दाखवायचे आहे, तेही शक्यतो पायी. दिल्ली दरवाज्यापासून पैठण गेटपर्यंतचे जुने गाव चालायला ठरवले तर तास पुरतो. पाहायला निघाले तर दिवस अपुरा पडतो.

शहराची गोष्ट पाण्यापासून सुरू करावी लागते. इथे खाम नदीच्या काठी खडकी नावाचे खेडे होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये तिथे राजधानी वसवायला घेतली. मलिक अंबर मूळचा हबसाणातला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला. बगदादच्या बाजारातून तो दख्खनेत आला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर मुघलांना वर्षानुवर्षे रोखून धरणारा सेनानी झाला. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले त्याच काळातल्या निजामशाहीचे सरदार. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. फौजफाट्यासह राहणाऱ्या राजधानीला खाम नदी पुरणार नव्हती, हे अंबरच्या लक्षात आले आणि त्याची नजर उत्तरेकडच्या हर्सूल-सावंगीच्या डोंगराकडे गेली.

त्या डोंगरात पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याशी जमिनीखालून वाहते. अंबरने ते जमिनीखालीच अडवले, दगड-चुन्याच्या बंदिस्त नहरीतून केवळ उताराच्या जोरावर गावात आणले आणि ठिकठिकाणी हौदांत सोडले. नहरीच्या वाटेवर ठरावीक अंतरावर विटा-दगडांचे उभे बंब बांधले. त्यांतून हवा खेळायची, पाण्याचा दाब आवरला जायचा आणि गाळ काढायला माणूसही उतरू शकायचा. ना मोट, ना रहाट, ना बैल. ही नहर-ए-अंबरी. पुढे मुघल आणि निजामाच्या काळात तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद आजही अशाच एका नहरीची साक्ष देतो. जुन्या वस्तीत फिरताना एखाद्या घराच्या भिंतीला चिकटून, वर पिंपळ उगवलेला चौकोनी खांब दिसला तर तो बहुधा जुना बंब असतो. त्यावर पाटी नसते, त्यामुळे शेजारून रोज जाणाऱ्यालाही तो पडक्या भिंतीचा तुकडा वाटतो.

हे सगळे तंत्र चालू स्थितीत पाहायचे तर पाणचक्कीला जावे. महमूद दरवाज्याजवळ, खामच्या काठावर बाबा शाह मुसाफिर या मध्य आशियातून आलेल्या सूफींचा दर्गा आहे. त्याच्या आवारात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चक्की आणि हौद झाले. काही कोसांवरच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून इथवर येते, एका उंच भिंतीत आपसूक वर चढते आणि भिंतीच्या माथ्यावरून चादरीसारखे खालच्या मोठ्या हौदात कोसळते. बहुतेक पाहुणे या धारेपुढे फोटो काढतात आणि निघतात. त्यांनी दोन पावले बाजूच्या खोलीत टाकायला हवीत. तिथे जमिनीखाली लोखंडी पात्यांचे आडवे चक्र आहे. पाण्याची धार तिरपी त्या पात्यांवर आदळते, चक्राबरोबर उभा आस फिरतो आणि आसाच्या वरच्या टोकाला बसवलेली जात्याची तळी गरगरू लागते. या जात्यावर दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि फौजेसाठी दळण व्हायचे. मोठ्या हौदाखाली एक लांबरुंद दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. वैशाखात बाहेर पाय भाजत असताना या दालनात शिरले की थंडावा अंगावर येतो. तीन शतकांपूर्वी यात्रेकरूंची सोय कोणत्या बारकाईने पाहिली होती, ते इथे अंगाला कळते.

पाण्यानंतर दरवाजे. ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ ही इथली जुनी ओळख. त्यांतले मोजकेच आज उभे आहेत, पण जे आहेत ते बोलके आहेत. सर्वांत जुना भडकल दरवाजा. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून तो मलिक अंबरने 1612 मध्ये बांधला, असे मानले जाते. अंबरच्या मृत्यूनंतर, 1626 मध्ये, त्याचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर म्हटले. 1653 मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर असताना औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले, आणि 1682 च्या सुमारास, मराठ्यांशी लढण्यासाठी तो स्वतः दख्खनेत उतरल्यावर, शहराभोवती तट उभा राहिला. तटाचे मोठे दरवाजे वाटेच्या दिशेने ओळखले गेले : उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकाई. 2023 मध्ये शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. दरवाजे मात्र आपापल्या जुन्या दिशा सांभाळून उभे आहेत.

या दरवाज्यांखालून आजही रहदारी जाते. खाम नदीवरचे पूल आणि त्यांच्या तोंडाशी असलेले मकाई, बारापुल्ला, महमूद हे दरवाजे पालख्या आणि घोडेस्वारांसाठी बांधलेले. आज त्यांच्या कमानीतून रिक्षा, स्कूलबस आणि घाटी रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका एकाच वेळी वाट काढत असतात. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाज्यांची डागडुजी झाली, हे चांगले झाले. परंतु चुन्याच्या बांधकामाला वाहनांच्या धक्क्यांपासून वाचवायचे तर रहदारीला बाजूने पर्यायी वाट द्यावी लागते, आणि जिथे ती दिलेली आहे तिथला दरवाजा ओळखूही येतो, नीट पाहताही येतो.

तटाबाहेरचे पुरे हा आणखी एक खजिना. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पदमपुरा, कर्णपुरा, पहाडसिंगपुरा. मुघलांच्या दख्खन मोहिमेत राजस्थान-बुंदेलखंडातून आलेल्या सरदारांनी आपापल्या फौजेसह जिथे तळ दिले, तिथे हे पुरे वसले. बुंदेला सरदार पहाडसिंगाचा सोनेरी महाल डोंगराच्या कुशीत अजून उभा आहे. त्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे आणि त्याच्या प्रांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे सूर घुमले आहेत. बिकानेरच्या कर्णसिंगाचे नाव वागवणाऱ्या कर्णपुऱ्यात नवरात्रात देवीची यात्रा भरते. पहाटे अनवाणी चालत येणाऱ्या बायका, पाळणे, रेवड्या-बत्ताशांची दुकाने यांनी छावणीचे मैदान नऊ दिवस भरून जाते. ज्यांना हे शहर फक्त वास्तूंचे वाटते, त्यांनी आपली फेरी एकदा नवरात्रात आखावी.

आता मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू 1657 मध्ये वारली. तिच्या स्मरणार्थ 1660 च्या सुमारास बीबी का मकबरा उभा राहिला आणि त्याचे श्रेय तिचा मुलगा आझमशाह याला दिले जाते. त्याच्याकडे पाहताना ताजमहालाशी तुलना करायची आणि तो उणा ठरवायचा, हा रिवाज होऊन बसला आहे. या पुस्तकाचा आग्रह असा की, मकबरा त्याच्या स्वतःच्या अटींवर पाहावा. बांधकामाचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाल्याची नोंद एका जुन्या तवारिखेत आहे; म्हणजे आण्याआण्याचा हिशेब ठेवून ही वास्तू उभी राहिली. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या तावर्निए या फ्रेंच जव्हेऱ्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या शेकडो गाड्या दिसल्या होत्या आणि त्यांतल्या लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. इतक्या लांबून दगड आणायचा तर तो जपूनच वापरायला हवा. म्हणून खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत संगमरवर, त्यावर काळ्या दगडाची चिणाई आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा, आणि माथ्यावर पुन्हा संगमरवरी घुमट. संगमरवर संपतो आणि गिलावा सुरू होतो ती रेघ जवळ उभे राहिले की स्पष्ट दिसते. त्या गिलाव्यात कोरलेल्या वेलबुट्टीवर बोट फिरवल्यासारखी नजर फिरवली, तर कळते की इथल्या कारागिराने दगडाची उणीव हाताच्या कसबाने भरून काढली आहे.

दोन गोष्टी तर हमखास नजरेतून सुटतात. मुख्य प्रवेशद्वाराच्या धातूने मढवलेल्या दारावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा बांधकाम पाहणारा, अशी दोघांची नावे कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बादशाही घराण्याच्या इमारतीवर बांधणाऱ्यांची नावे अशी दर्शनी दारात मिळणे दुर्मीळ. दुसरी गोष्ट आत. इथे वरच्या मजल्यावर कबरीची प्रतिकृती नाही. अष्टकोनी कठड्यावरून वाकून खाली पाहावे लागते, आणि नाजूक संगमरवरी जाळीच्या आत मूळ कबर दिसते.

मकबऱ्याच्या मागे, दोन-तीन किलोमीटरवर, डोंगराच्या कड्यात शहराची स्वतःची लेणी आहेत. गावातले लोक त्यांना बुद्ध लेणी म्हणतात. यांतली बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली, म्हणजे अजिंठ्यातले काम थांबत आले आणि वेरूळचे सुरू झाले त्या संधिकाळातली. चौथे लेणे म्हणजे चैत्यगृह; ते बरेच जुने. अजिंठ्यात चित्रे पाहून दमलेल्या डोळ्यांना इथे शिल्प शांतपणे पाहता येते, कारण गर्दी नसते. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले माणसाएवढे उपासक आहेत. स्त्रिया आणि पुरुष, गळ्यात माळा, निगुतीने बांधलेले केस, हात जोडलेले. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरली आहेत : आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. डोंगरघाटांतून आणि समुद्रावरून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला ज्यांचे भय वाटे, त्यांचीच ही यादी आहे. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी आणि तिला साथ करणाऱ्या सहा वादक स्त्रिया आहेत. नर्तकीच्या कमरेतला बाक आणि वादक स्त्रियांचे लयीत गुंतलेले चेहरे पाहण्यासाठी विजेरी जवळ ठेवावी आणि प्रकाश बाजूने टाकावा. समोरून टाकलेल्या उजेडात शिल्प सपाट दिसते.

लेण्यांच्या पायथ्याशी उभे राहिले की समोर विद्यापीठाचा परिसर पसरलेला दिसतो. मार्गदर्शक पुस्तके बहुधा इथेच थांबतात. हे पुस्तक इथून पुढे जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाचे मिलिंद आणि परिसराचे नागसेनवन ही नावे बौद्ध ग्रंथपरंपरेतून आली. निजामी राजवटीतून 1948 मध्ये सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. खेड्यापाड्यांतून, बहुतेक वेळा घराण्यातला पहिला शिकणारा म्हणून, मुलगा इथे वसतिगृहात येऊन राहिला. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक या वातावरणात उभे राहिले. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातून निघाले आणि दलित साहित्याच्या दोन-तीन पिढ्या त्यात लिहित्या झाल्या.

23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला. त्यावर मराठवाडा पेटला, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मेली, आणि प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. तेव्हापासून दर चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी राज्यभरातून माणसे येतात. लहान मुलांना कडेवर घेऊन आईबाप कमानीकडे बोट दाखवतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात, गायनाचे फड रंगतात. हे प्रवेशद्वार वयाने भडकल दरवाज्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तरीही शहरातल्या दरवाज्यांची यादी त्याच्यावाचून पुरी होत नाही, अशी या पुस्तकाची धारणा आहे.

आणि मग गल्ल्या. गुलमंडी, सिटी चौक, राजाबाजार, शहागंज. राजाबाजारात संस्थान गणपती, गुलमंडीवर सुपारी मारुती, थोड्या अंतरावर मलिक अंबरच्या काळात बांधायला घेतलेली जामा मशीद. आधुनिक उर्दू गझलेचा पाया ज्याने घातला तो वली दखनी याच शहरातला मानला जातो, आणि सूफी शायर सिराज औरंगाबादी याची कबर इथेच आहे. क्रांती चौकाजवळच्या काळ्या चबुतऱ्याने 1857 मध्ये उठाव केलेल्या शिपायांना दिलेली देहदंडाची शिक्षा पाहिली. दुपारी भूक लागली तर नान-खलिया आहेच. हळदीच्या पाण्याचा हात फिरवून तांबूस-पिवळी भाजलेली नान आणि मोठ्या डेगीत शिजलेला मटणाचा झणझणीत रस्सा. दौलताबादला तुघलकाच्या फौजेबरोबर हा बेत आला, असे इथले लोक सांगतात. गोडाला गुलमंडीची इमरती.

हिमरूचा माग मात्र जेवणाआधी पाहावा, सकाळच्या उजेडात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. ताणा सुताचा, नक्षीचा बाणा रेशमाचा. पूर्वी मागाच्या वर एक मदतनीस बसायचा आणि नक्षी उठवण्यासाठी दोऱ्यांचे जुडगे ठरल्या क्रमाने ओढायचा. खालच्याचा धोटा आणि वरच्याची दोरी यांचा मेळ चुकला की बुट्टी बिघडली. कापडाच्या दर्शनी बाजूला रेशमाची झळाळी आणि अंगाला लागणारी बाजू मऊ सुताची. सरदार-दरकदार गेले, निजामाने 1763 मध्ये राजधानी हैदराबादला नेली, गिऱ्हाईक ओसरत गेले. आता हातमागावरची खरी हिमरू विणणारे अगदी थोडे उरले आहेत आणि बाजारात त्याच नावाने यंत्रमागाचे कापड सर्रास विकले जाते. शाल घेताना ती उलटी करून पाहावी आणि विणकराला माग दाखवायला सांगावे. माग असेल तिथे तो आनंदाने दाखवला जातो.

मकबऱ्यापासून इथपर्यंत आलो तरी गोष्ट पुन्हा पाण्यापाशीच येते. चारशे वर्षांपूर्वी उतार आणि खापरी नळ यांच्या जोरावर गावाची तहान भागवणारे हे शहर आज पन्नास किलोमीटरवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणातून, पंपांनी उपसून पाणी आणते, आणि तरीही नळाला पाणी यायला कित्येक दिवस वाट पाहावी लागते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11,75,116 होती. नंतर ती आणखी वाढली. एवढ्या वस्तीला नहरी पुरणार नाहीत हे उघड आहे. पण ज्या नहरी अजून झिरपतात, त्यांच्यावर इमारती उभ्या राहणे, त्यांत सांडपाणी सोडले जाणे आणि बंब पाडले जाणे हे थांबायला हवे. पाणचक्कीची धार बारीक झाली की त्याचे कारण पाणचक्कीत नसते. ते दूर डोंगराकडे, नहरीच्या वाटेवर शोधावे लागते. म्हणून या पुस्तकात नहरीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि वास्तूंचा क्रम लावताना पाणी ज्या दिशेने गावात आले तीच दिशा धरली आहे.

म्हणजे सुरुवात उत्तरेला, हर्सूलकडून. तिथून दिल्ली दरवाजा, जवळचा सलीम अली सरोवराचा पक्ष्यांनी गजबजलेला काठ, फळझाडांची हिमायतबाग. मग बेगमपुरा, मकबरा, बुद्ध लेणी आणि विद्यापीठ हा पश्चिमेचा पट्टा. त्यानंतर पाणचक्की, भडकल दरवाजा आणि तटाआतल्या पेठा. शेवटी पैठण गेट. शेवटच्या भागात शहराबाहेरची चार ठिकाणे आली आहेत, आणि तीही शहराशी असलेल्या नात्यापुरती : जनार्दनस्वामींची समाधी असलेला दौलताबादचा किल्ला, जिथे एकनाथांनी गुरुसेवा केली, मलिक अंबर आणि औरंगजेब या दोघांना जवळजवळ विसावा देणारे, निद्रिस्त भद्रा मारुतीचे खुलताबाद, भोसल्यांची पाटीलकी आणि अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर असलेले वेरूळ, आणि पैठणीचे पैठण.

ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने सकाळी लवकर बुद्ध लेणी गाठावीत, दहाच्या आत मकबरा पाहावा, ऊन चढल्यावर पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात टेकावे आणि संध्याकाळी पेठांतून चालत निघावे. ज्याचा दौरा मंगळवारी अडला आहे, त्याने वेरूळ बुधवारवर ढकलावे आणि तो दिवस शहराला द्यावा.